सोऱ्या तोच, चीक वेगळा

सिरॅमिकच्या थ्रीडी प्रिंटिंगबद्दल बोलताना रोबोकास्टिंग आणि एफडीसी, म्हणजे फ्यूज्ड डिपॉझिशन ऑफ सिरॅमिक्स, या नावांची हमखास अदलाबदल होते. चूक समजण्यासारखी आहे. दोन्हीकडे बारीक नोझलमधून दोरा निघतो, थरावर थर चढतो आणि शेवटी भट्टी. दोन्ही पद्धती 1990च्या दशकात अमेरिकेत आकाराला आल्या. पहिली सँडिया प्रयोगशाळेत जोसेफ सेसरानो यांच्याकडे, दुसरी रटगर्स विद्यापीठात. विचारायचं एवढंच: बाहेर पडलेला दोरा घट्ट कशामुळे होतो?

रोबोकास्टिंग म्हणजे थेट कुरडई. सोऱ्या दाबला की चीक उतरतो, खाली पडला की वेढा जागच्या जागी उभा. इथे चिकाच्या जागी पाण्यात कालवलेली ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) भुकटी, तीही आकारमानाने 50 ते 60 टक्के. एवढी भुकटी घातल्यावर खरं तर दगडी चिखल व्हायचा. पण चिमूटभर डिस्पर्संट, म्हणजे कणांना गुठळी होऊ न देणारं रसायन, घातलं की कण एकमेकांना ढकलत राहतात आणि स्लरी, म्हणजे हा कालवलेला लगदा, वाहते. दाटी इतकी असते की किंचित पाणी उडालं तरी वाहणं थांबतं. दोरा पूर्ण वाळायची वाट बघावी लागत नाही. हाच गुण डोकेदुखीही होतो. काम थांबवून नोझल उघडं ठेवलं की टोकाशी खडा बसलाच. सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी दोरा मध्येच तुटतो.

एफडीसीत पाणी नाहीच. भुकटी मेण-पॉलिमरमध्ये मळून तिची तार काढतात. ती गरम नोझलमध्ये वितळते आणि बाहेर थंड होऊन घट्ट होते. ग्लू गनच म्हणा. वाळवण्याची कटकट नाही, पण भुकटीने ठासलेली तार ठिसूळ. रिळावरच मोडते, नाहीतर रोलरखाली वाकते.

खरा हिशेब भट्टीत होतो. एफडीसीच्या तुकड्यात आकारमानाने 40 टक्क्यांच्या आसपास मेण-प्लास्टिक असतं आणि ते जाळून बाहेर काढायचं असतं. घाई केली की आत अडकलेला वायू फोड आणतो, तडे पाडतो. म्हणून तापमान तासाला थोडंथोडं चढवत बसायचं. रोबोकास्टिंगच्या स्लरीत सेंद्रिय बाइंडर, म्हणजे कण धरून ठेवणारा पदार्थ, 1 टक्क्याहूनही कमी ठेवता येतो, म्हणून छापणं, वाळवणं, भाजणं 24 तासांच्या आत उरकतं, असं सँडियाचं म्हणणं. जाड तुकडा मात्र तिथेही वाळतानाच तडकू शकतो. हाडांच्या उपचारासाठी लागणाऱ्या हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या (हाडातल्या खनिजासारख्या सिरॅमिकच्या) जाळ्या असतील, तर मी डोळे झाकून रोबोकास्टिंग निवडेन.

आकसण्यातून मात्र कुणाचीच सुटका नाही. 60 टक्के भुकटीचा 100 मिमी लांब तुकडा पूर्ण घट्ट भाजला की जेमतेम 84 मिमी उरतो.

आणि नुसता फोटो पाहून ओळखायचं असेल, तर नोझलच्या वर बघा. सिरिंज दिसली तर रोबोकास्टिंग, तारेचं रीळ दिसलं तर एफडीसी.