लीडर कुठे संपतो आणि टिपेट कुठून सुरू होतं?

सारसोळे जेट्टीवर किंवा कोलशेतच्या काठावर ल्युअर (नकली आमिष) मारणाऱ्या माणसाला 'लीडर म्हणजे काय' विचारलंत, तर तो ब्रेडच्या (विणलेल्या दोऱ्याच्या) टोकाला गाठलेला दोन-तीन फूट जाड तंगूस दाखवेल. त्याचं बरोबरच आहे. हाच माणूस पहिल्यांदा फ्लाय रॉड, म्हणजे पिसा-धाग्याच्या हलक्या नकली किड्याने (फ्लायने) मासे धरायची काठी, हातात घेतो आणि दुकानात लीडर मागतो, तेव्हा त्याला एक चपटं पाकीट मिळतं. त्यात नऊ फुटी दोरा वेटोळं करून ठेवलेला असतो, एका टोकाला जाड आणि दुसरीकडे बारीक होत गेलेला. सोबत दुकानदार एक छोटं रीळ पुढे करतो, त्यावर 'टिपेट' असं लिहिलेलं. पाकिटावरही '४ एक्स' आणि रिळावरही '४ एक्स'. मग एकाच जाडीच्या दोन वस्तू कशाला घ्यायच्या, म्हणून तो रीळ परत ठेवतो. फ्लायवाल्यांचं पुढचं बरंचसं नुकसान इथूनच सुरू होतं.

त्या दोन '४ एक्स'चा अर्थ वेगळा आहे. रिळावरचं ४ एक्स म्हणजे रिळातला सगळा दोरा पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत ०.१८ मिलिमीटर जाड. पाकिटावरचं ४ एक्स फक्त टोकाबद्दल बोलतं. त्या लीडरची फ्लाय लाइनकडची (फेकायच्या जाड, वजनदार दोरीकडची) बाजू साधारण ०.५ ते ०.५५ मिलिमीटर असते, मध्ये तो निमुळता होत जातो आणि शेवटचा जेमतेम वीतभर ते दोन फुटांचा तुकडा ०.१८ चा असतो. हा शेवटचा सरळ तुकडा हेच टिपेट. कारखान्यातून ते लीडरला जोडूनच आलेलं असतं, मध्ये गाठ नसते, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही ते संपल्याचंही कळत नाही.

लीडर निमुळता का, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. फ्लायला स्वतःचं वजन नसतंच म्हणा. आपण फेकतो ती लाइन. लाइनमधून पुढे सरकणारा जोर लीडरच्या जाड बुडाशी येतो, आणि पुढे पुढे दोरा हलका होत गेल्यामुळे तो जोर टोकापर्यंत पोहोचून लीडर सरळ उलगडतो. लाइनला थेट नऊ फूट सारख्या जाडीचा बारीक तंगूस बांधला, तर जोर पहिल्या फुटातच मरतो आणि फ्लाय ही लाइनच्या टोकावरच गोळा होऊन पडते. म्हणजे लीडरचं काम जोर वाहून नेण्याचं. टिपेटचं काम उलट आहे: फ्लायला मोकळं सोडायचं, माशाच्या नजरेत कमीत कमी यायचं, आणि वेळ आली की सगळ्यांत आधी तुटायचं.

हे शेवटचं काम लोक दोष समजतात. तिवरांच्या मुळात किंवा कालवं चिकटलेल्या दगडात फ्लाय अडकली की काहीतरी तुटणारच. टिपेट तुटलं तर एक फ्लाय आणि दीड फूट दोरा गेला. टिपेट लीडरपेक्षा मजबूत निघालं तर अख्खा लीडर जातो, आणि लीडरही दमदार असेल तर लाइनचं टोक ओरबाडलं जातं. हा खर्च पुष्कळ मोठा आहे. लीडर टिकवायची वस्तू आहे, टिपेट खर्चायची.

एक्सची भानगड जुनी आहे. नायलॉन येण्याआधी, म्हणजे १९३८ च्या आधी, हा दोरा रेशमाच्या किड्यापासून मिळायचा. किड्याच्या रेशीमग्रंथी व्हिनेगरमध्ये मुरवून ताणायच्या, की फूट-सव्वा फुटाचा तंतू हाती यायचा. हे काम प्रामुख्याने स्पेनमधल्या मुर्सियात चाले. तंतू आणखी बारीक हवा असेल तर तो भोक पाडलेल्या पट्टीतून ओढून काढत; एकदा ओढला की १ एक्स, चारदा ओढला की ४ एक्स. त्यामुळेच आकडा वाढतो तसा दोरा बारीक होतो. आजचा हिशेब सोपा आहे: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल तो इंचाचा हजारावा भाग. ४ एक्स म्हणजे ७ हजारांश इंच, म्हणजे ०.१८ मिलिमीटर, ५ एक्स ०.१५, ३ एक्स ०.२०. एक्स ताकदीबद्दल काही सांगत नाही, फक्त जाडीबद्दल सांगतो. दोन कंपन्यांचं ५ एक्स वेगवेगळ्या पौंडांना तुटू शकतं.

आता चूक कशी होते ते पाहू. हिमाचलमधल्या तीर्थनच्या खोऱ्यात ट्राउटसाठी गेलेला ठाणेकर नवा नऊ फुटी ४ एक्स लीडर लावतो आणि त्यालाच फ्लाय बांधतो. प्रत्येक वेळी फ्लाय बदलताना गाठीत आणि छाटण्यात आठ-दहा सेंटिमीटर दोरा जातो. पाच-सहा फ्लाय बदलल्या की शेवटचा सरळ तुकडा संपला. तो आता निमुळत्या भागात शिरलाय. बांधतोय ४ एक्स समजून, पण बोटांत आहे ०.२०, मग ०.२३, मग ०.२५. पहिलं लक्षण असं दिसतं की १६ नंबरच्या गळाच्या डोळ्यातून दोरा जाता जात नाही. दुसरं, कोरडी, म्हणजे तरंगणारी, फ्लाय पाण्यावर नीट वाहत नाही. जाड दोरा तिला काठीसारखा ढकलतो आणि तिच्यामागे इंग्रजी व्हीसारखी रेघ उठते. ट्राउट वर येऊन बघतो आणि मागे फिरतो. माणूस फ्लाय बदलतो, म्हणजे आणखी दहा सेंटिमीटर छाटतो. दोष फ्लायचा नसतोच.

उपाय पहिल्या दिवशीच करायचा. नवा लीडर पाकिटातून काढला की त्याच्या टोकाला रिळावरचं ४५ ते ६० सेंटिमीटर टिपेट वेगळं गाठायचं, त्याच एक्सचं किंवा एका एक्सने बारीक. फ्लाय या तुकड्याला. तुकडा वीतभर उरला की तो कापून नवा लावायचा, लीडरला हात लावायचा नाही. प्रत्येक नव्या गाठीला लीडरचेही थोडे सेंटिमीटर जातातच, म्हणून पुष्कळजण लीडरच्या टोकाला दोन मिलिमीटरची बारीक धातूची कडी, टिपेट रिंग, कायमची बांधून टाकतात. मग टिपेट कडीला बांधायचं नि कडीवरूनच कापायचं. छोट्या कोरड्या फ्लायला कडीचं वजन किंचित जाणवतं, पण निंफ या पाण्याखाली चालणाऱ्या फ्लायला काही फरक पडत नाही. नवशिक्याने कडी लावावीच, असं माझं ठाम मत आहे.

जुना लीडर हाती आला आणि कुठवर छाटलाय ते कळत नसेल, तर डोळ्यांवर विसंबू नका. दोरा अंगठा आणि तर्जनीच्या नखांमध्ये धरून लाइनकडून टोकाकडे सरकवा. निमुळता भाग संपून सरळ भाग सुरू होतो तिथे नखाला जाणवणारा बदल थांबतो. खात्री हवी असेल तर मायक्रोमीटर लावा. वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करणाऱ्या कुणाकडेही तो सापडेल, आणि ०.०१ मिलिमीटर मोजणारा असला की पुरे.

गाठ. दोन्ही दोऱ्यांची जाडी जवळपास सारखी असेल तर ब्लड नॉट सरळ आणि सुबक बसते. जाडीत फरक असेल, किंवा संध्याकाळी उजेड कमी असेल, तर ट्रिपल सर्जन्स नॉट बांधा. टिपेट आधी रिळावरून कापून घ्या, कारण ते अख्खं फासातून जायचं असतं. हे विसरून लोक रीळच फासातून काढायला बघतात. लीडरचं टोक आणि टिपेटचं टोक उलटसुलट दिशांनी साधारण पंधरा सेंटिमीटर एकावर एक ठेवा. दोन्ही मिळून एक फास करा. लीडरचं छोटं टोक आणि टिपेटचा पूर्ण तुकडा, दोन्ही सोबत, फासातून तीनदा काढा. थुंकीने ओलं करा. मग चारही टोकं एकदम, सारखी ओढा. एखादं टोक ढिलं राहिलं की गाठीतला एक पदर सैल राहतो आणि सगळा भार दुसऱ्यावर येतो. कोरडी गाठ घासून तापते, आणि फ्लुरोकार्बनचं, म्हणजे नायलॉनपेक्षा जड आणि कठीण प्लास्टिकचं, टिपेट नायलॉनच्या लीडरला बांधताना तर कठीण फ्लुरो मऊ नायलॉनमध्ये कापत जातो. ओलं करणं सोडू नका. एका उडीत दोन एक्सपेक्षा जास्त फरकही ठेवू नका, नाहीतर जोर गाठीपाशी अडतो.

तुटलेलं टोक फेकण्याआधी नीट बघायची सवय लावा, कारण त्यात सगळं लिहिलेलं असतं. टोक डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं असेल, तर दोरा तुटला नाही, गाठ सुटली. टोक खरखरीत, पांढरट असेल तर दोरा दगडाला किंवा कालवाला घासला. स्वच्छ, आडवं कापल्यासारखं असेल तर आधीच कुठे चिरलेला होता, किंवा मध्ये वाऱ्याने पडलेली छोटी गाठ होती. ही वाऱ्याची गाठ दिसली की टिपेट तिथल्या तिथे बदला. तिने दोऱ्याची ताकद जवळपास निम्मी होते. ती नखाने सोडवत बसण्यात अर्थ नाही, वळलेला दोरा परत पूर्वीसारखा होत नाही.

किती बारीक घ्यायचं, याला एक चालणारा आडाखा आहे: गळाच्या नंबराला तीनने भागा. १२ नंबरला ४ एक्स, १६ ला ५ एक्स. तलावातल्या चिलापीसाठी १० किंवा १२ नंबरची छोटी निंफ पुरते, तिला ३ किंवा ४ एक्स. फार बारीक घेतलं आणि फ्लाय जड असली, तर फेकताना ती गरगरते आणि टिपेटला पीळ पडतो.

खाडीत गेलं की शब्द पुन्हा गोंधळ घालतात. जिताड्याला लांब सुळे नसतात, पण तोंडातले खरखरीत दात दोरा किसतात, आणि कल्ल्याच्या कडेचं धारदार हाड त्याला चिरतं. त्यामुळे आठ नंबरच्या (हा लाइनच्या वजनाचा नंबर) लाइनवर लीडर असा बांधतात: आधी चार-साडेचार फूट ४० पौंडाचा, मग दोन फूट ३० पौंडाचा, मग दीड-दोन फूट २० पौंडाचा, आणि सगळ्यांत पुढे फूटभर परत ४० पौंडाचा. हा शेवटचा जाड तुकडा म्हणजे बाइट टिपेट, शॉक टिपेट असंही म्हणतात. ल्युअरवाले ज्याला लीडर म्हणतात, त्याचंच काम हा करतो, पण नाव टिपेट. साखळीतला कच्चा दुवा त्याच्या मागचा २० पौंडाचा तुकडा, तो क्लास टिपेट. विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आयजीएफएच्या नियमात क्लास टिपेट किमान १५ इंच आणि शॉक टिपेट गाठींसह जास्तीत जास्त १२ इंच असावं लागतं. विक्रम करायचा नसला तरी हे माप वापरायला सोयीचं आहे. खाडीचं पाणी गढूळ असतं, त्यामुळे इथे बारीक आणि लांब लीडरची हौस करू नये. बुडणारी लाइन असेल तर तोही चार-पाच फुटांवर थांबवा. लांब नायलॉन वरवर राहतो आणि फ्लाय ही लाइनच्या वर तरंगत जाते.

बाजारात 'टिपेट' मागताना आणखी एक सावधगिरी. फ्लाय बांधण्याच्या साहित्यातही टिपेट आहे: गोल्डन फेजंट पक्ष्याच्या मानेची नारिंगी पिसं, आडव्या काळ्या पट्ट्यांची. रॉयल कोचमन नावाच्या फ्लायचं शेपूट त्याचंच असतं. ऑनलाइन मागवताना मटेरियलच्या पानावर गेलात तर दोऱ्याऐवजी पिसांचं पाकीट घरी येईल.

मैदानात फेक शिकतानाही लीडर आणि टिपेट दोन्ही लावाच, गळाऐवजी लोकरीचा झुपका. नुसती लाइन फेकली तर टोकाला चाबकासारखा आवाज होतो आणि वरचं आवरण तडकतं. आपल्याकडच्या मोकळ्या, वाऱ्याच्या मैदानांवर साडेसात फुटी लीडर पुरे.

नायलॉन आणि फ्लुरोकार्बन हा वेगळा विषय, पण इथे एवढं पुरे: फ्लुरो पाण्यापेक्षा जवळपास पावणेदोन पट जड, नायलॉन जेमतेम जास्त. म्हणून कोरड्या फ्लायला नायलॉनचं टिपेट, निंफला आणि खाडीत फ्लुरो. लीडर दोन्हीकडे नायलॉनचा चालतो. कापलेले तुकडे मात्र खिशात ठेवा, फ्लुरो तर वर्षानुवर्षं कुजत नाही. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). चिखलात पाय बुडवून चरणाऱ्या पक्ष्याच्या नडगीला ५ एक्सचा वळसा बसला की तो त्याला सोडवता येत नाही. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका, आणि भरतीसोबत तुमचा दोराही तिथे जाऊ देऊ नका.

ऊन नायलॉनचा वैरी. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं टिपेट दिसायला तसंच दिसतं, पण गाठ आवळताना काडीसारखं तुटतं. रीळ विकत घेतलं की त्यावर मार्करने महिना आणि वर्ष लिहा, कपाटात अंधारात ठेवा, आणि प्रत्येक वेळी निघण्याआधी हातभर दोरा ओढून, एक गाठ मारून, ताणून बघा. पटकन तुटला तर पुढचे दोन-तीन मीटर काढून टाका नि पुन्हा ताणा. तरीही तुटला तर रीळ बदला. लीडर मात्र त्याच तपासणीत टिकला असेल तर तो ठेवा.