दीक्षांत समारंभ आणि कॉलेजचा ग्रॅज्युएशन डे: फोटो सेम, कागद वेगळा

दरवर्षी एक सीझन येतो, ज्याच्या त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला काळा गाऊन, चौकोनी टोपी, हातात लाल फोल्डर आणि बाजूला नव्या साडीतली आई, खाली लिहिलेलं 'कॉन्व्होकेशन डन, फायनली ग्रॅज्युएट'. मागे आमच्या मावसबहिणीचं असंच स्टेटस बघून मी मेसेज टाकला, अभिनंदन गं, विद्यापीठाचा पदवीचा फॉर्म वेळेत भरलास ना? तर तिचा रिप्लाय, कसला फॉर्म?

तिथेच माझ्या लक्षात आलं की हिची पण माझ्यासारखीच गंमत झालीय. मी स्वतः पास झालो तेव्हा कॉलेजच्या हॉलमध्ये गाऊन घालून स्टेजवर गेलो, प्रमुख पाहुण्यांच्या हातून फोल्डर घेतलं, फोटोग्राफरने 'इकडे बघा' म्हटल्यावर तिकडे बघितलं, आणि परत जाताना रिक्षात आईने फोल्डर उघडलं तर आत एक जाड आर्टपेपर, त्यावर माझं नाव, कॉलेजचा लोगो आणि 'पदवीग्रहण सोहळ्यास उपस्थित राहिल्याबद्दल'. आईला वाटलं हीच डिग्री. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं. पुढे नोकरीच्या व्हेरिफिकेशनमध्ये एचआरने 'डिग्री सर्टिफिकेट अपलोड करा' म्हटल्यावर मी तोच कागद स्कॅन करून पाठवला होता, त्यावर आलेला मेल अजून माझ्या इनबॉक्समध्ये आहे, आणि तो मी कुणालाही दाखवणार नाही.

तर एकदा नीट समजून घेऊ. दीक्षांत समारंभ, ज्याला पुण्याकडे पदवीप्रदान समारंभ म्हणतात, तो विद्यापीठाचा असतो. महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठांचे कुलपती म्हणजे राज्यपाल, रोजचा कारभार बघणारे कुलगुरू, आणि पदवी 'देण्याचा' अधिकार फक्त विद्यापीठाला. कॉलेज शिकवतं, हजेरी घेतं, फी घेतं, पण पदवी देऊ शकत नाही. स्वायत्त कॉलेज असलं, म्हणजे पेपर तेच काढतात, तेच तपासतात, निकालही तेच लावतात, तरी पदवी विद्यापीठाचीच, फार तर त्यावर कॉलेजचं नाव छापलेलं असतं. ग्रॅज्युएशन डे मात्र कॉलेजचा. तो करायलाच पाहिजे असं काही नाही, कौतुकासाठी असतो, आणि तो झाला म्हणून कायद्याने तुमच्यात काहीही बदल होत नाही.

हे दोन वेगळे झाले कधीपासून, याचं उत्तर विद्यापीठं वाढली यात आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली १८६२ मध्ये, त्यात महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. एवढे लोक तर एका टांग्यात नाही तर दोन टांग्यांत आरामात आले असते. फोर्टमध्ये राजाबाई टॉवरच्या शेजारी जो कॉन्व्होकेशन हॉल आहे, तो त्यानंतर १८७० च्या दशकात उभा राहिला, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, आणि नकाशा काढला लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी, जे कधी मुंबईत आलेच नाहीत. म्हणजे तेव्हा पदवी समारंभ ही एवढी महत्त्वाची गोष्ट होती की त्यासाठी वेगळी इमारत बांधली, आणि सगळे पदवीधर त्यात मावत होते.

आता पुणे विद्यापीठ बघा. १९४९ मध्ये सुरू झालं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, हद्द बारा जिल्ह्यांची, पण संलग्न कॉलेजं फक्त १८ आणि विद्यार्थी आठ हजारांच्या वर. मग १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि हद्द पाच जिल्ह्यांवर आली, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि जळगाव, धुळे पण गेले, उरले पुणे, नगर, नाशिक. हद्द दोनदा कापली गेली, तरी १९९६ पर्यंत कॉलेजं २०९ आणि विद्यार्थी एक लाख सत्तर हजारांवर. त्यातले दरवर्षी पास होणारे सगळे एकेक करून स्टेजवर बोलवायचे म्हटलं तर कुलगुरूंना नोकरी सोडून तेच करत बसावं लागेल.

म्हणून मोठ्या विद्यापीठांत हळूहळू असं झालं की मुख्य समारंभात स्टेजवर प्रत्यक्ष जातात ते साधारण पीएचडीवाले आणि सुवर्णपदकवाले, बाकी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या हजारो मुलांना विद्याशाखेच्या नावाने एकत्र पदवी बहाल केल्याचं जाहीर होतं आणि कागद नंतर मिळतो. काही विद्यापीठं ते कागद कॉलेजांकडे पाठवतात आणि कॉलेज छोटा कार्यक्रम करून वाटतं. आणि गोंधळ होतो तो इथेच, कारण आता कॉलेजमधले कार्यक्रम पण दोन प्रकारचे झाले. एकात फोल्डरमध्ये खरी पदवी असते, कारण तो विद्यापीठाच्या समारंभानंतर होतो. दुसऱ्यात नुसतं कौतुक असतं, आणि तो कधी कधी शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागायच्या आधीच उरकतात, नंतर मुलं गावाला जातात, परत कोण येणार म्हणून. ओळखायचं कसं? तारीख बघा. विद्यापीठाचा समारंभ अजून झालाच नसेल तर तुमच्या हातातलं फोल्डर कितीही मखमली असो, आत पदवी असणं शक्य नाही.

वातावरणातला फरक तर दारातूनच कळतो. विद्यापीठाच्या समारंभात मिरवणूक असते, पुढे विद्यापीठाचा मानाचा दंड, म्हणजे काठी, घेतलेली व्यक्ती, मागे अधिष्ठाता, म्हणजे विद्याशाखांचे डीन, व्यवस्थापन परिषदेचे सदस्य, शेवटी कुलगुरू आणि कुलपती, सगळे उभे राहतात, विद्यापीठ गीत, मग एकेक अधिष्ठाता आपल्या विद्याशाखेचे पदवीधर सादर करतात, मग दीक्षांत भाषण, जे ऐकताना मागच्या रांगेत मोबाईल निघतात. दोन तास आधी येऊन बसायचं, पाण्याची बाटली आत न्यायची की नाही यावरून गेटवर वाद. 'दीक्षांत' शब्दच बघा, दीक्षेचा अंत. तैत्तिरीय उपनिषदात गुरुकुलातून निघणाऱ्या शिष्याला आचार्य सांगतात ते 'सत्यं वद, धर्मं चर, स्वाध्यायान्मा प्रमदः', तो उपदेश अजूनही बऱ्याच समारंभांत ऐकू येतो. त्यातलं शेवटचं, म्हणजे अभ्यासात आळस करू नकोस, हे पदवी मिळाल्यावर सांगतात याची मला दरवेळी मजा वाटते.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या दीक्षांत समारंभाच्या निमित्ताने ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं, लेझीम, ढोल. माझं प्रामाणिक मत, गाऊनपेक्षा हे शंभर पटीने आपलं आहे. गाऊनवर तर वाद जुनाच. २०१० मध्ये भोपाळला एका दीक्षांत समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भर स्टेजवर गाऊन काढून ठेवला होता, ही ब्रिटिशांची रानटी प्रथा म्हणून. नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने पण हातमागाचे कपडे वापरा असं विद्यापीठांना सुचवलं, मग कुठे कुर्ता, कुठे उपरणं, कुठे पगडी आली, आणि पगडी आली की कुठली पगडी यावरून वाद आलाच.

गंमत अशी की ज्या वेळी विद्यापीठं गाऊन काढायला लागली त्याच वेळी कॉलेजांनी तो घातला. आणि आता तर सिनियर केजीची मुलं पण पुठ्ठ्याची टोपी घालून ग्रॅज्युएट होतात, आमच्या शेजारच्या पाच वर्षांच्या कन्येने ती टोपी दोन दिवस काढली नव्हती.

पण एक सांगतो, मजा कॉलेजच्या कार्यक्रमातच येते. भाड्याचा गाऊन, डिपॉझिट दोनशे की पाचशे, हूक तुटलेला म्हणून मैत्रिणीकडची सेफ्टी पिन, टोपीचा गोंडा डावीकडे की उजवीकडे यावर पंधरा मिनिटं चर्चा आणि शेवटी यूट्यूब. ज्या सरांनी तीन वर्षं हजेरीवरून छळलं तेच सर फोटोत खांद्यावर हात ठेवून उभे. गावाकडून आलेले वडील, पांढरी टोपी आणि स्वच्छ धोतर, ते पोराच्या डोक्यावरची काळी टोपी हातात घेऊन उलटी करून बघतात, आत अस्तर काय लावलंय, आणि हळूच विचारतात, ही आपल्याला ठेवायला देत्यात का? नाही आबा, पाच वाजता परत द्यायचीय. विद्यापीठाच्या मंडपात आबांना पासच मिळाला नसता. त्यामुळे कॉलेजच्या कार्यक्रमाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, जाच, आई-वडिलांना न्याच, पैसे असतील तर मोठा फोटो पण घ्या. फक्त त्याला पदवी समजू नका.

आता कागदांचं. निकाल लागला की आधी मार्कशीट येते, मग पासिंग सर्टिफिकेट किंवा प्रोव्हिजनल, म्हणजे हा पास झालाय, पदवी मिळायचीय, असा तात्पुरता दाखला. त्यावर अ‍ॅडमिशन, नोकरी, बरंच काही चालून जातं, म्हणूनच लोक पुढचं विसरतात. पदवी प्रमाणपत्रासाठी बहुतेक ठिकाणी वेगळा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, त्याची फी असते, मुदत असते, मग विलंब शुल्काची मुदत असते, आणि ती पण गेली की पुढच्या समारंभाची वाट. प्रत्यक्ष हजर राहायलाच पाहिजे असं नाही, अनुपस्थितीत घेता येते, पोस्टाने घरी येते. यूजीसीच्या नियमाप्रमाणे विद्यार्थी पात्र होण्याच्या तारखेपासून १८० दिवसांत विद्यापीठाने पदवी द्यायला पाहिजे, पण तुम्ही फॉर्मच भरला नाही तर विद्यापीठ तुमच्या दारात येणार नाही.

फॉर्ममध्ये एका गोष्टीकडे डोळे फाडून बघा, देवनागरीतलं नाव. पदवी बऱ्याचदा मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापतात, आणि इंग्रजीत टाइप केलेलं नाव साइट आपोआप मराठीत करते तेव्हा शीतलची शितल होते, पूर्वाची पुर्वा होते, आडनावाचं तर विचारूच नका. तेव्हाच सुधारलं तर दोन मिनिटांचं काम, छापून आल्यावर सुधारायचं म्हणजे अर्ज, प्रतिज्ञापत्र, फी आणि विद्यापीठाच्या खिडकीवर 'जेवणाची सुट्टी'. डिजिलॉकरमध्ये पण आता पदव्या येतात, तिथे दिसली तर उत्तम, पण परदेशी जाणाऱ्यांना अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद खरा आहे असं सांगणाऱ्या सरकारी शिक्क्यासाठी, बहुधा मूळ कागदच काढावा लागतो.

परदेशावरून आठवलं, हा घोळ आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत आपली जी पोरं एम.एस.ला जातात त्यांच्या मे महिन्यातल्या कार्यक्रमाला कमेन्समेंट म्हणतात, इकडून आई-बाबा तिकीट काढून जातात, घरचे लाडू, हिरवळीवर फोटो. पण बऱ्याच ठिकाणी एखादा कोर्स उन्हाळ्यात पुरा करायचा राहिलेला असला तरी मे महिन्यात स्टेजवर चालू देतात, आणि पदवी रेकॉर्डवर लागते ती नंतर, ऑगस्टमध्ये वगैरे. ती तारीख वेगळी असते, आणि नोकरीच्या, व्हिसाच्या कागदात तीच विचारतात. म्हणजे स्टेजवर चालणं एक आणि पदवी लागणं दुसरं, तिकडे पण हेच.

तर मावसबहिणीकडे परत येतो. तिचा फॉर्म विलंब शुल्काच्या शेवटच्या आठवड्यात भरला, मीच फोनवर बसून, ओटीपी मावशीच्या मोबाईलवर यायचा आणि मावशी तो 'थांब चष्मा घेते' म्हणेपर्यंत संपायचा. चौथ्या वेळी जमलं. काही महिन्यांनी दुपारी पोस्टमन आला, ही ऑफिसला, सही मावशीने केली. संध्याकाळी मला मावशीचा फोन, डिग्री आली रे, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशनला घेऊन चाललेय. मी असेन तिथून ओरडलो, मावशी, थांब! लॅमिनेट केली तर उद्या परदेशी जायचं ठरलं की त्यावर शिक्का कुठे मारणार? मावशी जरा हिरमुसली, म्हणाली, बरं, मग ते कॉलेजचं लाल फोल्डर आहे ना रिकामं, त्यात ठेवते.