चाचणीला येण्याआधी: हाताच्या चालीतला फरक आम्ही कसा मोजतो

मुलाच्या गोलंदाजीच्या चाचणीचा अहवाल हातात पडला की बहुतेक पालक पहिला प्रश्न विचारतात, "फरकाचा आकडा मोठा आलाय, म्हणजे वाईट का हो?" दर वेळी नाही.

विडी वळणाऱ्या बाईचे हात आठवा. आपल्या सोलापुरात ते गल्लोगल्ली दिसतात. तेंदूचं एक पान मऊ, दुसरं वाळलेलं. बोटं त्याप्रमाणे चाल बदलतात, विडी मात्र सारखीच निघते. हालचालींचा अभ्यास करणारे सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२०च्या दशकात मॉस्कोत हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या अंगावर छोटे दिवे लावून छायाचित्रं घेतली, तेव्हा हेच दिसलं. खांदा, कोपर दर घावाला थोड्या निराळ्या वाटेने जायचे, पण घाव जागेवर बसायचा.

म्हणून आम्ही सांध्यांची चाल वेगळी मोजतो आणि चेंडू कुठे पडला ते वेगळं. सांध्यांत फरक आहे, पण चेंडू टप्प्यावर पडतोय, तर हात सांभाळून घ्यायला शिकलाय. तो फरक घालवू नका. दोन्हीकडे पसारा असेल, तर सराव कच्चा आहे.

खांदा, कोपर आणि मनगटावर चिकटखुणा लावतो. कॅमेरा सेकंदाला २४० चित्रं टिपतो, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांना साधारण एक. चेंडू २० टाकायचे. कमी चालणार नाहीत, कारण एकट्या सरासरीवर आमचा विश्वास नाही. समजा, एक मुलगा सगळे चेंडू वीतभर बाहेर टाकतो. दुसरा निम्मे वीतभर बाहेर, निम्मे वीतभर आत. दुसऱ्याची सरासरी बरोबर यष्टीवर! तरी सुधारायला सोपा पहिलाच, त्याला फक्त रोख बदलायचाय. अहवालात म्हणून सरासरी चूक आणि पसारा (गणितात प्रमाण विचलन) असे दोन आकडे असतात.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतो, त्याचे जादा पैसे नाहीत. सरावाच्या शेवटी हात तापलेला असतो, आकडे छान येतात. रात्र उलटल्यावर त्यातलं किती टिकलं, ते आम्हाला बघायचं असतं.

बूट रोजचेच घाला. मुलांखेरीज गणवेश शिवणाऱ्या कारागिरांच्या हातांचीही चाचणी आम्ही घेतो, तीही याच कारणाने कारखान्यात येऊनच. मशीन बदललं की हातही बदलतो.

एप्रिल-मेमध्ये सकाळी ९च्या आत या. घामाने खूण सरकते, आणि सरकलेली खूण अहवालात तुमच्या हाताची चूक म्हणून उमटते.