माळ्यावरची चिकट बाहुली

गिरगावातल्या जुन्या खोलीचा माळा रिकामा करताना आईची ठकी आणि माझी बाहुली एकाच ट्रंकेत सापडल्या. लाकडी ठकीचे नाकडोळे पुसट झाले होते, बाकी ठणठणीत. माझी बाहुली मात्र हात लावताच चिकटली. अंगभर धुळीचा थर बसलेला.

आम्ही तिला ‘रबरी’ म्हणायचो, पण ती पीव्हीसीची. हेच पीव्हीसी मुळात कडक असतं, गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपासारखं. 1926 साली अमेरिकेत वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवायचा गोंद शोधत होते. गोंद राहिला बाजूला. उंच उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवल्यावर पीव्हीसी मऊ, लवचीक झालं. द्रवाचे रेणू पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरतात, त्यामुळे त्या एकमेकींवरून घसरू शकतात. या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. खेळण्यांत बहुधा थॅलेट जातीचा प्लास्टिसायझर असायचा. पण हे रेणू साखळ्यांशी रासायनिक बंधानं जोडलेले नसतात. वर्षानुवर्षं ते झिरपत पृष्ठभागावर येतात, आणि पत्र्याखालच्या माळ्याच्या उकाड्यात तर जास्तच वेगानं. तोच तो चिकटपणा. बाळं खेळणी तोंडात घालतात, म्हणून युरोपनं 2005 च्या कायद्यानं काही थॅलेटांवर 0.1 टक्क्याची मर्यादा घातली. आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय मार्क 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचा झाला.

पीव्हीसीच्या आधीच्या सेल्युलॉइडच्या बाहुल्यांत हेच काम कोण करायचं? आपला कापूर! 1870 च्या सुमारास अमेरिकेतल्या हायट बंधूंनी नायट्रोसेल्युलोजमध्ये (आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसात) कापूर मिसळून ते साच्यात दाबता येईल असं केलं, तेच सेल्युलॉइड. देवघरातली कापराची वडी उघडी राहिली की झिजते (आजी डबीत मिरे टाकायची ते त्यासाठीच). बाहुलीतला कापूरही तसाच हळूहळू उडतो, मग ती आक्रसते, तडकते. शिवाय नायट्रोसेल्युलोज बंदुकीच्या बिनधुराच्या दारूतलंच, ठिणगी पडली की भडकणारं. असलं खेळणं पोरांच्या हाती द्यायचं म्हणजे कमालच.

अशी सेल्युलॉइडची बाहुली घरात असेल तर तिला मोकळ्या हवेत, देवघराच्या समईपासून लांब ठेवा. बंद डब्यात तिच्यातून निघणारे आम्लधर्मी वायू तिलाच खातात. पीव्हीसीचं उलटं. तिला काचेत बंद करायचं. पॉलिथिनची पिशवी नको, ती प्लास्टिसायझर शोषून घेते. स्पिरिट-थिनरनं पुसायचंही नाही.

माझी बाहुली सध्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत बसली आहे, झाकण घट्ट लावून. ठकी शोकेसवर, उघडीच.