बॅकअप, संगणकीय

संगणकावरील माहितीची मूळ साठवणीपासून वेगळी ठेवलेली आणि मूळ नष्ट झाल्यास ते पुन्हा उभे करण्यास पुरेशी असलेली प्रत. वेगळी नसलेली प्रत अपघातात मुळाबरोबरच जाते. पुरेशी नसलेली प्रत हाताशी असूनही निरुपयोगी ठरते. प्रतींची संख्या ही त्यामानाने दुय्यम बाब होय.

एकाच वेळी अनेक डिस्कांवर लिहिण्याची ‘रेड’ पद्धत बॅकअपमध्ये मोडत नाही. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी ती १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून मांडली. एखादी डिस्क बिघडली तरी काम थांबू नये, एवढेच ती साधते. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कांवरून त्याच क्षणी जाते. फोन व संगणक यांच्यात आपोआप होणाऱ्या ‘सिंक’लाही जुन्या आवृत्त्या राखल्या जात नसतील तर हेच लागू पडते.

बॅकअपच्या नियमित पद्धतीचा उगम सामान्यतः चुंबकीय टेपच्या काळात मानला जातो. युनिव्हॅक संगणकासोबत १९५१ मध्ये धातूची, तर आयबीएमच्या ७२६ या यंत्रासोबत १९५२ मध्ये प्लास्टिकची टेप आली. टेपवरील खाते जागच्या जागी दुरुस्त करता येत नसे. जुनी मुख्य टेप आणि त्या दिवसाचे व्यवहार एकत्र वाचून नवी मुख्य टेप लिहावी लागे आणि जुनी तशीच उरे. नवी टेप मुलगा, तिच्या आधीची वडील आणि त्याआधीची आजोबा, अशी तीन पिढ्यांची नावे यातून रूढ झाली. ही पद्धत सुरक्षेसाठी मुद्दाम आखली गेली, असे काही लेखनात सूचित केलेले आढळते. ती टेपच्या स्वभावातून आपसूक आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पिढ्यांची सुरक्षा जुन्या टेपइतकीच व्यवहारांच्या नोंदींवर अवलंबून होती. मुलगा खराब झाला तर तो वडिलांची टेप आणि त्या दिवसाचे व्यवहार यांवरून पुन्हा तयार केला जाई, त्यामुळे व्यवहार फेकून दिले असतील तर वडिलांची टेप अपुरी पडे. पुढे हेच नाव दैनिक, साप्ताहिक व मासिक प्रतींच्या आवर्तनाला लागले. ती वस्तुतः निराळी गोष्ट आहे. एडुआर लुकास यांच्या १८८३ मधील ‘हनोईचा मनोरा’ या कोड्यावर बेतलेले आणखी एक आवर्तन आहे. त्यात पाच टेपांवर सुमारे १६ दिवस मागे जाता येते, पण ते हाताने सांभाळणे कटकटीचे असल्याने फारसे रुळलेले दिसत नाही.

आज सर्वाधिक उद्धृत होणारा ३-२-१ नियम असा : मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांना त्याचे श्रेय दिले जाते. डिजिटल छायाचित्रांच्या व्यवस्थापनावरील त्यांचे पुस्तक प्रथम २००५ मध्ये निघाले. टेप दुसऱ्या इमारतीत पाठवण्याची चाल मोठ्या संगणक केंद्रांत त्याआधीपासून होती. त्यामुळे क्रोग यांच्याकडे कल्पनेचे नव्हे, तर सूत्राचे कर्तृत्व देणे योग्य. २०१२ मध्ये अमेरिकेच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने (यूएस-सर्ट) प्रसिद्ध केलेल्या टिपणात हा नियम आल्यावर त्याला अधिकृत वजन मिळाले. कल्पनेचे मूळ आणखी मागे नेणारे अभ्यासक टॉमस जेफरसन यांच्या १७९१ मधील पत्राकडे बोट दाखवतात. कुलुपे-तिजोऱ्यांपेक्षा प्रती वाढवून कागदपत्रे अपघाताच्या आवाक्याबाहेर न्यावीत, असे त्यांनी त्यात लिहिले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ‘लॉक्स’ हा ग्रंथालयीन प्रकल्प याच तत्त्वावर चालतो.

‘दोन प्रकारची माध्यमे’ ही अट आता शब्दशः घेण्याचे कारण उरलेले नाही. तिचा रोख एका कारणाने दोन्ही प्रती जाऊ नयेत याकडे आहे. ते कारण आग असेल, सदोष डिस्कांचा एकच साठा असेल किंवा एकच पासवर्डही असेल. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबूर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांच्या बॅकअप प्रतीही त्याच आवारात असल्याने गेल्या. क्योतो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअपचीच स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल) चालू असताना बदलली गेली आणि तिने महासंगणकावरील सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या जाळ्यातून पसरून डेटा निकामी करणाऱ्या घातक प्रोग्रॅमच्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे कोलमडले. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. वापरकर्त्यांच्या ओळखी सांभाळणारे कंपनीचे सुमारे १५० सर्व्हर एकमेकांची प्रत म्हणून काम करत होते, आणि नेमके त्यामुळेच ते एकदम नष्ट झाले. प्रसिद्ध वृत्तांतांनुसार, घानातील एक सर्व्हर वीज गेल्याने त्या वेळी जाळ्याबाहेर होता, म्हणून वाचला. या प्रकारानंतर जाळ्यापासून तोडलेली किंवा ठरावीक मुदतीपर्यंत बदलता न येणारी एक प्रत ठेवण्याचा आग्रह वाढला. ३-२-१ च्या पुढे आणखी ‘१’ व ‘०’ जोडलेले रूप बॅकअप सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी रुळवले. त्यातील शून्य म्हणजे पडताळणीत एकही चूक न आढळणे.

प्रत पुरेशी आहे की नाही, हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या अधिक अवघड आहे. डेटाबेसमध्ये लिखाण चालू असताना त्याच्या फाइली साध्या पद्धतीने उतरवल्या, तर अर्धी प्रत आधीची आणि अर्धी नंतरची होते. अशी प्रत दिसायला पूर्ण असते. म्हणून एका क्षणाची स्थिती गोठवणारा ‘स्नॅपशॉट’ किंवा डेटाबेसची स्वतःची व्यवहार-नोंद वापरतात. एलिझाबेथ झ्विकी यांनी १९९१ मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीवरील बॅकअप प्रोग्रॅम मुद्दाम छळून पाहिले : चमत्कारिक चिन्हांची नावे, अतिलांब मार्ग, मध्ये पोकळी असलेल्या फाइली, प्रत घेताना बदलणाऱ्या फाइली. बहुतेक प्रोग्रॅम कोठे ना कोठे अडखळले. जुना ‘डम्प’ त्यांतल्या त्यात सरस ठरला.

माध्यमावर पडून असलेला डेटाही नकळत बिघडतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५·३ लाख डिस्कांवर ४१ महिन्यांत ४ लाखांहून अधिक ठिकाणी पडताळा-बेरीज (चेकसम, म्हणजे डेटावरून काढून ठेवलेली व तो बदलल्यास न जुळणारी संख्या) जुळली नाही. घरगुती डिस्कांच्या तपशीलपत्रकात १० च्या १४ व्या घाताइतक्या, म्हणजे सुमारे १२·५ टेराबाइट भरतील एवढ्या बिटांमागे एक न वाचता येणारी चूक गृहीत धरलेली असते. ही मर्यादा असून सरासरी नव्हे, हे अनेक लोकप्रिय लेखांत निसटते. प्रत घेतानाच बेरीज नोंदवून ती ठरावीक काळाने ताडून पाहणे हा यावरचा रूढ उपाय आहे.

तरीही खरी परीक्षा पुनर्स्थापनेची. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला आणि सुमारे ३०० गिगाबाइटपैकी ४·५ च्या आसपास उरले. कंपनीकडे बॅकअपच्या अनेक वाटा होत्या. रोजची प्रत घेणारा प्रोग्रॅम डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणारा असल्याने अपयशी होत होता आणि तसे कळवणारे ई-मेल स्वीकारलेच जात नव्हते. अखेर चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट उपयोगी पडला. इशारा देणारी यंत्रणाही बॅकअपइतकीच तपासावी लागते, हा मुद्दा बहुतेक पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकला जातो.

भारतात कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप देशातील सर्व्हरवर ठेवण्याचे बंधन २०१४ च्या कंपनी लेखा नियमांत आहे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने तो रोज घेणे आवश्यक झाले. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेले निर्देश आणखी पुढे जातात. बँकांनी घेतलेला बॅकअप वेळोवेळी प्रत्यक्ष रिस्टोअर करून तो वापरण्याजोगा आहे का हे पाहावे आणि महत्त्वाच्या प्रणालींसाठी आपत्तीचा सराव किमान सहा महिन्यांतून एकदा करावा, असे त्यांत म्हटले आहे.