कंसातला आकडा आणि उणे आकडा: एक्सबीआरएलमध्ये दोन्ही एक नव्हेत

छापील वित्तीय विवरणांतला कंस हिशेबाचे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला असतो. त्या रकान्याची बेरीज करताना ही रक्कम वजा धरावी, एवढेच तो सांगतो. एक्सबीआरएल म्हणजे वित्तीय विवरणातल्या प्रत्येक आकड्याला संगणकाला वाचता येणारे ठरावीक नाव, म्हणजे टॅग, जोडण्याची पद्धत. तिच्यातले वजाचिन्ह रकान्याविषयी काहीही सांगत नाही. टॅगच्या नावात जे घडल्याचे म्हटले आहे त्याच्या उलट घडले, असा त्याचा अर्थ असतो. भारतात ठरावीक वर्गांतील कंपन्या २०१०-११ या आर्थिक वर्षापासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे एक्सबीआरएलमध्ये विवरणे भरत आहेत, आणि तरीही ‘छापील प्रतीत कंस, म्हणून टॅगला वजाचिन्ह’ हा समज काही केल्या जात नाही.

आयएफआरएस टॅक्सॉनॉमीनुसार (आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानकांवर आधारित टॅगांची यादी) टॅग करायच्या रोकड प्रवाह विवरणातल्या दोन ओळी शेजारी ठेवून पाहू. कंपनीने ९० लाख रुपयांची यंत्रसामग्री घेतली, ती (९०) अशी छापली. वर्षभरात मालसाठा ४० लाखांनी वाढला, तो (४०) असा छापला. दोन्ही आकडे कंसात आहेत, कारण दोन्हींमुळे रोकड कमी झाली. पहिल्या टॅगचे नाव स्थावर मालमत्ता, यंत्रसामग्री व उपकरणे यांची ‘खरेदी’ असे आहे. खरेदी झालेली आहे, म्हणून तिथे सरळ ९० लाख लिहायचे. उणे ९० लिहिले तर तो आकडा वाचणाऱ्या संगणकाच्या दृष्टीने उणे खरेदी झाली. दुसऱ्या टॅगचे नाव मालसाठ्यातील ‘घट (वाढ)’ यासाठीचे समायोजन असे आहे. अशा जोडनावात कंसाबाहेरचा शब्द अधिक आणि कंसातला शब्द उणे असतो. इथे साठा वाढला, म्हणून उणे ४० लाखच बरोबर. टॅगचे नाव शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय चिन्ह ठरवूच नये, असे माझे ठाम मत आहे. कंस दिसताच आपोआप वजाचिन्ह लावण्याची सोय ज्या सॉफ्टवेअरमध्ये असते, तिथे ती मी सर्वांत आधी बंद करते.

टॅगला नावे किंवा जमा असा गुणधर्म जोडलेला असतो, त्यावरूनही काही जण चिन्ह ठरवतात. तेही चूक आहे: महसूल जमेचा आणि वित्तखर्च नावेचा, पण दोन्ही अधिकच नोंदवायचे. आकडा पडद्यावर उलट्या चिन्हाने दाखवणारे लेबल निवडल्याने मूळ नोंद बदलत नाही. इनलाइन एक्सबीआरएलमध्ये (माणसाला वाचता येणाऱ्या वेबपानातच टॅग बसवलेला प्रकार) उणे चिन्ह आकड्यासोबत नव्हे, तर टॅगच्या स्वतंत्र गुणधर्मात द्यावे लागते.

याच्या नेमके उलट प्रकरण घसाऱ्याचे आहे, आणि तिथे अनुभवी माणसेही चुकतात. आपल्याकडच्या मालमत्तेच्या टिपेत एकूण किंमत, त्याखाली साचलेला घसारा आणि शेवटी निव्वळ किंमत अशी मांडणी असते. मधला आकडा बहुधा कंसाशिवायच छापतात. आयएफआरएस टॅक्सॉनॉमीत मात्र या तिन्ही आकड्यांना मालमत्तेचा एकच टॅग लागतो आणि कोणता आकडा कशाचा हे टॅगसोबत जोडलेल्या ‘सदस्य’ नावाच्या उपनावावरून कळते; ‘साचलेला घसारा’ हा असाच एक सदस्य असतो. सदस्यांची बेरीज निव्वळ किंमत यायला हवी, म्हणून साचलेला घसारा उणे नोंदवावा लागतो. नफा-तोटा पत्रकातला वर्षभराचा घसारा मात्र खर्चाच्या स्वतंत्र टॅगखाली येतो, म्हणून तो छापताना कंसात असला तरी अधिकच.

‘चूक झाली तर पडताळणीत सापडेलच’ हे उत्तर मला वारंवार ऐकावे लागते. काही चुका सापडतात: महसूल ५०० आणि विकलेल्या मालाचा खर्च उणे ३०० नोंदवला, तर टॅक्सॉनॉमीत त्या खर्चाला आधीच उणे भार (म्हणजे बेरजेत वजा करण्याची सूचना) दिलेला असल्यामुळे ठोक नफा २०० ऐवजी ८०० निघतो आणि विसंगती लगेच दिसते. पण एक्सबीआरएल २.१ मधली बेरजेची तपासणी एकाच संदर्भातल्या, म्हणजे कंपनी, कालावधी आणि सदस्य तेच असलेल्या, आकड्यांपुरती चालते. एकूण किंमत, साचलेला घसारा आणि निव्वळ किंमत हे तीन वेगळे संदर्भ असल्यामुळे मालमत्तेच्या टिपेतले चुकीचे चिन्ह तिच्या नजरेतून सुटते. त्या टिपेतला प्रत्येक आकडा मी टॅगच्या आणि सदस्याच्या नावासमोर ठेवून हातानेच तपासते.