पाच विभाग एकत्र आले, म्हणजे संशोधन एकत्र झालं का?

एखादं विद्यापीठ नदीच्या प्रदूषणावर मोठा प्रकल्प हाती घेतं. रसायनशास्त्राचा विभाग पाण्याचे नमुने तपासतो, वनस्पतिशास्त्राचा विभाग काठावरच्या झाडझाडोऱ्याची नोंद करतो, अर्थशास्त्राचा विभाग मच्छीमारांच्या उत्पन्नाची पाहणी करतो. वर्षअखेरीला तिघांची तीन प्रकरणं एका अहवालात बांधली जातात आणि मुखपृष्ठावर ‘आंतरविद्याशाखीय संशोधन’ असं छापलं जातं. खरं तर हे काम बहुविद्याशाखीय असतं. त्यात कमीपणा काही नाही, पण पाणी, शेती, हवामान यांसारख्या प्रश्नांत या दोहोंची गल्लत महागात पडते.

बहुविद्याशाखीय कामात प्रत्येक जण आपला प्रश्न, आपली पद्धत आणि आपलं उत्तर घेऊन येतो. अहवालातलं एक प्रकरण काढून टाकलं, तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. आंतरविद्याशाखीय कामात एकाच्या निष्कर्षामुळे दुसऱ्याचा प्रश्नच बदलतो. तिथे एक जण बाजूला झाला की उरलेल्यांचं काम अडतं. हा फरक ठळकपणे दिसतो तो बांगलादेशात, पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिक या विषाच्या अभ्यासात.

१९७० च्या दशकापासून तिथे गावोगावी कूपनलिका खोदून हापसे बसवले गेले. तळ्याच्या पाण्यातून होणारे जुलाब आणि इतर रोग टळावेत, हा हेतू होता. सरकार आणि युनिसेफ दोघांनीही त्याला बळ दिलं. पण उथळ थरांतल्या त्या पाण्यात आर्सेनिक होतं. सीमेअलीकडे पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांना त्वचेवर डाग आणि तळव्यांवर घट्टे आलेले रुग्ण दिसू लागले होते. बांगलादेशातल्या संकटाचा आवाका कळायला १९९० चं दशक उजाडलं.

मग ज्याने त्याने आपापल्या बाजूने शोध सुरू केला. गाळातल्या लोहाच्या ऑक्साइडला आर्सेनिक चिकटलेलं असतं. प्राणवायू नसलेल्या थरात सेंद्रिय पदार्थांवर जगणारे सूक्ष्मजीव ते ऑक्साइड विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात उतरतं, हे भूरसायनशास्त्राने उलगडलं. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने बांगलादेशच्या सरकारी खात्याबरोबर देशभरातल्या साडेतीन हजारांहून अधिक विहिरींचे, म्हणजे कूपनलिकांचे, नमुने तपासले. उथळ विहिरींपैकी २७ टक्के विहिरींत आर्सेनिक देशाच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर १० मायक्रोग्रॅमच आहे. दुसरीकडे डॉक्टरांनी रोगाची लक्षणं नोंदवली. हे सगळं आवश्यक होतं, मोलाचंही होतं. पण उद्या सकाळी कळशी कुठे भरायची, याचं उत्तर यातल्या कुठल्याच अहवालात नव्हतं.

ढाक्याच्या पूर्वेला अराइहजार नावाचा उपजिल्हा आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने बांगलादेशी सहकाऱ्यांसह २००० साली तिथे काम सुरू केलं. भूरसायनशास्त्रज्ञ, साथरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ अशी सगळी मंडळी त्यात होती. मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट: सगळ्यांचं काम त्याच गावांत आणि त्याच विहिरींवर चाललं. ज्या हापशाचं पाणी तपासलं, तोच हापसा ते पाणी पिणाऱ्या माणसाच्या आरोग्यनोंदीशी जोडलेला होता. सुमारे १२,००० प्रौढांचा पाठपुरावा अशा रीतीने सुरू झाला.

विहिरींचा नकाशा तयार झाला, तेव्हा भूरसायनशास्त्रज्ञांना एक विलक्षण गोष्ट दिसली. एका अंगणातला हापसा विषारी, तर पाचपन्नास पावलांवरचा सुरक्षित. शास्त्राच्या दृष्टीने हा गुंता होता, कारण भूगर्भातला पॅटर्नच सरळ सापडत नव्हता. पण त्याच नकाशावर लोकवस्ती ठेवून पाहिली, तेव्हा जवळजवळ ९० टक्के रहिवासी सुरक्षित विहिरीपासून १०० मीटरच्या आत राहतात, असं दिसलं. जो भूगर्भातला गुंता होता, तोच आता लोकांच्या सुटकेचा रस्ता झाला. इथे प्रश्न बदलला. ‘आर्सेनिक कुठून येतं?’ याच्या शेजारी ‘या घरातली बाई शेजारच्या अंगणात पाण्याला जाईल का?’ हा प्रश्न येऊन उभा राहिला. तो एकट्या भूशास्त्राला सुचला नसता, आणि नकाशा हाती नसता तर अर्थशास्त्रालाही विचारता आला नसता.

उत्तर शोधायला घरोघरी जाऊन विहिरीचा निकाल सांगण्यात आला. तुमचं पाणी धोक्याचं आहे एवढं कळल्यानेच, वर्षभरात दुसरी विहीर धरण्याची शक्यता ३७ टक्के-गुणांनी वाढली, म्हणजे शंभर घरांमागे आणखी ३७ घरांनी विहीर बदलली. ज्यांनी विहीर बदलली, त्यांचा पाणी आणण्याचा वेळ पंधरा पट झाला, तरी ती माणसं गेली. नुसती माहिती दिल्याने इतकं साधतं, हे धोरण ठरवणाऱ्यांच्या दृष्टीने फार मोठं होतं. अर्थात सगळे गेले नाहीत, आणि दुसऱ्याच्या अंगणातलं पाणी म्हटलं की नातीगोती, मानपानही आले. तो भाग अजूनही कठीणच आहे.

गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. त्याच परिसरातल्या दहा वर्षांच्या मुलांच्या बौद्धिक चाचण्या घेतल्या, तेव्हा पाण्यातलं आर्सेनिक जास्त तिथे गुण कमी आढळले. पुढच्या अभ्यासात मँगनीजचाही तसाच संबंध दिसला. म्हणजे आर्सेनिकच्या हिशेबाने सुरक्षित ठरलेला हापसाही निर्धास्त म्हणता येईना. मानसशास्त्राच्या चाचणीने रसायनशास्त्रातली ‘सुरक्षित’ची व्याख्या हलवली. माझ्या मते आंतरविद्याशाखीय संशोधनाची खूण हीच.

आपल्याकडेही असं काम होतं. आयआयटी मुंबईत १९८५ पासून ‘सितारा’ हे ग्रामीण भागासाठीच्या तंत्रपर्यायांचं केंद्र आहे. मराठवाडा-विदर्भातल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसवून दिली. पाऊस, मातीचा पोत, जमिनीचा उतार आणि पीक यांचं गणित त्यात एकत्र येतं. त्यामुळे ‘किती बंधारे झाले?’ याच्या पुढे जाऊन ‘पावसाने ओढ दिली, तेव्हा या मातीत या पिकाला किती पाणी कमी पडलं?’ असं विचारता येतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०४० पर्यंत सर्व उच्च शिक्षण संस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात, असं उद्दिष्ट आहे. एका छताखाली विज्ञान, वाणिज्य, कला शिकवायची सोय करणं त्यामानाने सोपं. आंतरविद्याशाखीय कामाला मात्र वेळ लागतो, पैसा लागतो, आणि दोन वेगळ्या विभागांतल्या मार्गदर्शकांनी एकाच विद्यार्थ्याच्या प्रबंधावर सही करायची तयारी लागते. प्रत्येक प्रकल्पात याची गरजही नसते. शहराचा पर्यावरण स्थिती अहवाल करायचा असेल, तर हवेचं प्रकरण वेगळं आणि कचऱ्याचं वेगळं चालतं. कुठल्या केंद्रात प्रवेश घेण्याआधी तिथल्या चालू प्रकल्पाबद्दल जरूर चौकशी करावी: नमुने कुठे घ्यायचे हे सगळ्या विभागांनी एकत्र बसून ठरवलं होतं का, आणि एकाची नोंदवही दुसऱ्याला वाचता येते का.